सासूबाईंचा संदर्भ

सकाळी जाग आली, की डॉ. गुणवंत पाथरकर देवाला हात जोडण्याआधी, चूळ भरण्याआधी आणि बायकोकडे बघण्याआधी मोबाईलवर एक आकडा बघत. गेली अडीच वर्षं तो आकडा एकोणीस होता. दिल्लीत उन्हाळा आला, गेला, हवा काळवंडली, निवळली, लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी इमारतीच्या सातव्या मजल्यावर समोरच्या बाल्कनीतली बाळं शाळेत जाऊ लागली. आकडा एकोणीस.

फरीदाबादच्या ज्या संशोधनसंस्थेत ते नोकरीला होते, तिथे पुढच्या पदावर जायचा एक नियम होता. माणसाचे वीस निबंध असे हवेत, की प्रत्येकाचा इतरांनी आपापल्या निबंधांखाली निदान वीस वेळा उल्लेख केलेला आहे. हे उल्लेख मोजणारं एक संकेतस्थळ होतं आणि ते रात्रंदिवस जगभरचे निबंध चाळत बसे. गुणवंतरावांच्या एकोणीस निबंधांनी विसाचा उंबरा केव्हाच ओलांडला होता. विसावा मात्र एकोणीस उल्लेख घेऊन पायरीवरच बसून राहिला होता, एखाद्या रुसलेल्या पाहुण्यासारखा. आत येत नव्हता आणि परत जात नव्हता.

त्यांचा लाडका निबंध नेमका तोच होता. बारा वर्षांपूर्वी त्यांनी घरच्या दह्यातला एक जिवाणू वेगळा काढला होता आणि त्याने उंदरांच्या आतड्यांची सूज उतरते असं दाखवलं होतं. ते दही त्यांच्या सासूबाईंच्या, विठाबाईंच्या वाडग्यातलं. नवरा गेल्यावर विठाबाई बार्शी सोडून लेकीकडे राहायला आल्या, तेव्हा येताना ट्रंकेत चार लुगडी होती आणि मांडीवर स्टीलच्या डब्यात विरजण. निबंधात जिवाणूचा स्रोत म्हणून छापलं होतं : 'एक स्थानिक घर'. जिवाणू प्रयोगशाळेत दोन वर्षं छान नांदला, मग मलूल झाला आणि एके दिवशी उठलाच नाही. जिवाणूच नाही म्हटल्यावर पुढचे प्रयोग थांबले, लोक विसरले, आणि आकडा पायरीवर बसला.

मुलाखतीच्या तीन संधी मिळतात. दोन झाल्या होत्या. तिसरी सप्टेंबरच्या शेवटी होती. ती हुकली, तर ते पद डॉ. परीक्षित त्यागीकडे जाणार होतं. परीक्षित मुलगा चांगला होता. गुणवंतरावांनीच त्याला पिपेट धरायला शिकवलं होतं. आता त्याच्याकडे रजेचा अर्ज घेऊन जायचं, या कल्पनेने त्यांना व्हायलेट लाइनच्या मेट्रोत बसायला जागा मिळाली तरी बसवेना.

"एकच हवंय ना?" त्यांच्या बायकोने, अलकाने, पोळी उलटता उलटता विचारलं.

"एकच."

"आणि ते कुणीही दिलेलं चालतं?"

"छापील लेख असला, खाली संदर्भ म्हणून नाव असलं, की मशीन मोजतं," गुणवंतराव वर्तमानपत्रातून डोकं बाहेर न काढता म्हणाले. इथे चूक झाली. अलकाने केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात तेवीस वर्षं काढली होती. काय चालतं एवढं कळलं, की पुढचं सगळं ती स्वतः चालवते.

त्यांच्या भागात एक मराठी स्नेहमंडळ होतं. परमुलखात राहणाऱ्या माणसांना एकमेकांच्या अडचणीला धावून जायची एक भूक असते, आणि अडचणी काही रोज मिळत नाहीत. त्यामुळे मिळाली की मंडळ तिच्यावर तुटून पडे. कुणाच्या वडिलांना दोन बाटल्या रक्त हवं म्हटलं, तर अठरा जण बाही वर करून दवाखान्यात हजर. कुणाच्या मुलीचं तबल्याचं पहिलं वादन असलं, तर गाझियाबादहून गाड्या भरून श्रोते.

मंडळाची गणपतीतली स्मरणिका श्यामराव काढत. ते एका सरकारी ग्रंथालयातून निवृत्त झालेले. छापलेल्या प्रत्येक गोष्टीला क्रमांक असलाच पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी अर्ज-विनंत्या करून स्मरणिकेला नियतकालिकाचा रीतसर क्रमांक मिळवला होता. प्रत्येक लेखाला ते इंग्रजी सारांश मागत, मग तो लेख अळूवडीवर का असेना. आणि दर वर्षीचा अंक ते एका विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयात नेमाने जमा करत. तिथून तो आजवर कुणी काढून वाचला नव्हता. पण सूर्याला अर्घ्य देणारा माणूस सूर्याकडून पोच मागत नाही.

अलकाने श्यामरावांना बाजूला घेऊन एका संदर्भाचं सांगितलं. श्यामरावांनी ते मंडळाच्या ग्रुपवर टाकलं : आपले डॉ. गुणवंत यांना संदर्भाची निकड आहे, इच्छुकांनी आपल्या लेखाखाली पुढील ओळ जशीच्या तशी घालावी.

गुणवंतराव त्या ग्रुपवर होते, पण त्यांनी तो तीन वर्षांपूर्वीच मुका करून ठेवला होता. गणपतीत ते आरतीपुरते गेले, प्रसाद घेतला, स्मरणिका घरी आणून फ्रिजवर ठेवली आणि तिच्यावर त्यांच्या मुलीने, कादंबरीने, बॅडमिंटनची रॅकेट ठेवली.

विसर्जनानंतर आठ दिवसांनी सकाळी त्यांनी मोबाईल उघडला. आकडा साठ होता.

त्यांनी मोबाईल बंद करून परत लावला. चष्मा पुसला. मग चूळ भरून आले, देवाला हात जोडले, बायकोकडेही बघितलं आणि पुन्हा पाहिलं. साठ. अडीच वर्षं तळ्यासारखी आडवी पडलेली आलेखाची रेघ झेंड्याच्या काठीसारखी उभी राहिली होती. त्यांनी यादी उघडली.

पहिला उल्लेख द्वारकाताईंचा : 'उकडीच्या मोदकाची पारी फुटण्याची सात कारणे'. मग 'दिल्लीच्या उन्हात कुंडीतली तुळस कशी जगवावी'. 'चाळिशीनंतरची आसने'. 'आमची केदारनाथ यात्रा'. एक कविता होती, आईवर, चार कडव्यांची, आणि पाचव्या कडव्याच्या जागी संदर्भ. कै. बळवंतरावांना वाहिलेली श्रद्धांजली होती. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो, संदर्भ : पाथरकर, गु. एक शब्दकोडंही होतं.

"बाबा, मस्त ना," कादंबरी खांद्यावरून डोकावत म्हणाली. "एकेचाळीस आले. यार, मंडळ म्हणजे ना, बिल्कुल सॉलिड आहे."

"तुला माहीत होतं?"

"आजीचा लेख मीच तर टाइप केला. ती बोलली, मी टाइप केलं. समरी पण मीच लिहिली."

अलका डबा भरत होती. गुणवंतरावांनी तिला सांगायचा प्रयत्न केला, की हे असं नसतं. उल्लेख म्हणजे विद्वानांनी विद्वानाला दिलेली दाद. ती अशी गोळा करत नाहीत. अलकाने शांतपणे विचारलं, की त्या विद्वानांपैकी किती जणांनी त्यांचा निबंध वाचलेला असतो. गुणवंतराव थोडे घुटमळले. खरं सांगायचं तर निम्मे जण दुसऱ्याच्या यादीतून नाव उचलतात.

"मग आमच्याही लोकांनी उचललं," अलका म्हणाली. "आणि प्रेमाने उचललं."

त्यांनी श्यामरावांना फोन लावला. उल्लेख काढून टाका म्हणाले. श्यामरावांना वाईट वाटलं. छापलेलं मागे घेता येत नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. आणि काढायचे तर कुणाचे काढायचे? चाळीस काढून एक ठेवला, तर ज्यांचे काढले ते पुढच्या गणपतीला तोंड फिरवतील. द्वारकाताईंनी तर मोदकांच्या लेखात दोनदा घातला होता. हे एवढ्यावर थांबलं नाही. लग्नातल्या आहेरासारखी याची परतफेड असते, असा मंडळाचा सरळ समज झाला होता. दुपारपर्यंत गुणवंतरावांना चार निरोप आले. द्वारकाताईंचा सगळ्यात मुद्देसूद होता : तुमच्या पुढच्या निबंधात माझे मोदक यायला हवेत, घाई नाही, पण विसरू नका.

संस्थेत त्याहून भारी स्वागत झालं. दाराशी एक मोठा पडदा होता. त्यावर महिन्यातल्या सर्वाधिक उल्लेख झालेल्या शास्त्रज्ञाचा फोटो आपोआप झळके. आज तिथे गुणवंतराव होते, आठ वर्षांपूर्वीच्या ओळखपत्रावरचे, कावऱ्याबावऱ्या चेहऱ्याचे. फोटोखाली त्यांची अभ्यासाची क्षेत्रं यंत्राने स्वतःच्या बुद्धीने लिहिली होती : आतड्यांचे विकार, जिवाणूशास्त्र, तांदळाची उकड.

संचालकांनी पुष्पगुच्छ दिला. त्यांनी फक्त आकडा पाहिला होता. परीक्षितने फोटो काढला, टाळ्या वाजवल्या आणि मग, गुरूच्या कामाविषयी आदर म्हणून, यादी उघडून बघितली.

मुलाखतीच्या दिवशी समितीच्या अध्यक्ष डॉ. अरुणा भसीन यांच्यापुढे ती यादी छापून, टाचून ठेवलेली होती. लाल पेनने खुणा होत्या. डॉ. भसीन बाई आवाज चढवत नसत. त्यांना गरजच पडत नसे.

"पाथरकर साहब, ये बलवंतराव जी कौन हैं?"

"जी, वो तो गुज़र गए."

"तो इन्होंने आपका पेपर कब पढ़ लिया?"

"मॅडम, लेख उन्होंने नहीं लिखा. लेख उनके ऊपर है."

"अच्छा." त्यांनी पान उलटलं. "और ये नंबर सत्ताईस? इसमें तो सिर्फ़ चौकोन बने हैं."

गुणवंतरावांनी ते शब्दकोडं असल्याचं सांगितलं. समितीतल्या एका सदस्याने ते सुटतं का बघायला कागद जवळ ओढला. बाकीचे दोघे खिडकीबाहेर बघत होते, कारण एकमेकांकडे बघितलं असतं तर हसू आलं असतं. गुणवंतरावांनी मान खाली घालून सगळं खरं सांगून टाकलं : मंडळ, गणपती, ग्रुप, अलका. आपल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, असंही सांगितलं. हे शेवटचं खरं होतं आणि तेच सगळ्यात खोटं वाटलं.

समितीने लेखी निर्णय दिला. डॉ. भसीन निर्णय असा लिहीत, की त्यावर उद्या कुणी बोट ठेवायला नको. सदर स्मरणिकेस नियतकालिकाचा अधिकृत क्रमांक असला तरी तिच्यातील कोणत्याही लेखाचा बाहेरील कोणाही संशोधकाने आजवर संदर्भ घेतलेला नाही. सबब तिच्यातील लेख संशोधनपर मानता येत नाहीत, आणि एकेचाळीस उल्लेख बाजूला ठेवण्यात येत आहेत. अर्जदाराचा हेतू तपासून मुलाखत फेब्रुवारीत पूर्ण करावी.

आकडा एकोणीस. पडद्यावरून फोटो गेला. 'तांदळाची उकड' मात्र का कोण जाणे, संस्थेच्या संकेतस्थळावर त्यांच्या नावापुढे तशीच राहिली.

त्यानंतरचे तीन महिने गुणवंतराव भिंतीकडेने चालले. दिवाळी आली, धूर आला, शाळा बंद झाल्या, सूर्य जुन्या पितळी ताटासारखा दिसू लागला. मेट्रोत कुणी मराठी बोललं की ते पुढच्या डब्यात जात. मंडळ मात्र दुखावलं होतं. आपलं रक्त चालतं आणि संदर्भ चालत नाही, हे कुणाच्या पचनी पडेना.

विठाबाईंना कुणी काही सांगितलं नव्हतं. एका दुपारी बाल्कनीतल्या उन्हात पाय पसरून त्या मेथी निवडत होत्या, तेव्हा त्यांनीच विषय काढला.

"माझंही खोडलं म्हणे."

"सगळ्यांचंच खोडलं, आई."

"बाकीच्यांचं सोडा. त्यांनी चिकटवलं. मी घेतलं होतं." त्या काडी मोडत म्हणाल्या. "जात्यावर बसलो की ओवीच्या शेवटाला कुणाचं तरी नाव घ्यायचो आम्ही. भावाचं, सासऱ्याचं, लेकाचं. ज्याच्यामुळे सुचलं त्याचं. ओवी सुटी सोडायची नाही. कादंबरीने विचारलं, आजी, शेवटी संदर्भ टाकू? मी म्हटलं, टाक की, नाव तर घ्यायचंच असतं."

"हो, बरोबर आहे," गुणवंतराव म्हणाले. ते मोबाईल बघत होते.

जानेवारीत थंडी अशी पडली, की दह्याचं भांडं रजईत गुंडाळून ठेवावं लागे. अशा एका सकाळी परीक्षित हातात कागद घेऊन त्यांच्या खोलीत आला. सप्टेंबरपासून तो त्यांच्याशी फार मऊ बोलत असे, आजारी माणसाशी बोलावं तसं.

"सर, ये विठाबाई कौन हैं?"

आता आणखी काय, म्हणून गुणवंतरावांनी कागद घेतला. जिथे आपला निबंध छापून यावा म्हणून फरीदाबादच्या त्या इमारतीतल्या प्रत्येकाने कधी ना कधी नवस केला असेल, अशा शोधपत्रिकेतला तो ताजा निबंध होता. लेखिका एस्टोनियाची, मारेत नावाची कुणी प्राध्यापिका. विषय, घरगुती विरजण कापडावर वाळवून टिकवण्याच्या जुन्या रीती. गुणवंतरावांनी सवयीप्रमाणे आधी मागचं पान काढून 'प' मध्ये स्वतःचं नाव शोधलं. नव्हतं. मग परीक्षितने बोट ठेवलं, क्रमांक चौदा : विठाबाई, 'विरजण थकतं तेव्हा', स्नेहमंडळ स्मरणिका, नवी दिल्ली.

"इन्होंने लिखा है कि थके हुए कल्चर को कपड़े पर सुखाकर वापस जगाने का यह सबसे साफ़ ब्योरा है," परीक्षित म्हणाला. "सर, आपका वाला भी तो थक गया था ना?"

गुणवंतरावांनी श्यामरावांना फोन केला. श्यामराव म्हणाले, हो, त्या बाईंचं पत्र आलं होतं ऑक्टोबरात. इंग्रजी सारांश वाचून. त्यांना फडक्याचा फोटो हवा होता, तो कादंबरीने काढून दिला. बाहेरून पहिल्यांदाच कुणी अंक मागितला, म्हणून त्यांनी पोस्टाने पाच प्रतीही धाडल्या. तुमच्यापर्यंत निरोप पोचवला नाही, कारण तुम्ही फोन उचलत नव्हता.

त्या दिवशी ते लवकर घरी आले. फ्रिजवरची रॅकेट उचलली, खालची स्मरणिका काढली, तिच्यावरचा तेलकट थर पुसला आणि पान एकोणचाळीस उघडलं. उभ्यानेच वाचलं. मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचलं.

दीड पान होतं. विरजणही माणसासारखंच थकतं, असं विठाबाईंनी सांगितलं होतं. रोज तेच घर, तेच दूध, तीच चूल. मग दही तार धरतं, पाणी सोडतं, लागत नाही. तेव्हा त्याला ओरडू नये, फेकू नये. दही चांगलं लागत असतानाच धुतलेलं सुती फडकं त्यात भिजवून सावलीत वाळवून ठेवलेलं असावं. विरजण थकलं की त्या फडक्याचा तुकडा कोमट दुधात सोडावा. सासुरवाशीण चार दिवस माहेरी झोप काढून परत यावी, तसं ते टवटवीत होऊन येतं. आणि शेवटी ओवी होती :

थकलं विरजण, फडक्यात निजवावं,
चार दिस राहू द्यावं, सावलीला.
उठलं निजून, दही लागलं कवडी,
जावयाची गोडी, गुणवंताची.

त्याखाली, श्यामरावांच्या सूचनेप्रमाणे जशीच्या तशी, ती ओळ.

विठाबाई आत देवापाशी वाती वळत होत्या. गुणवंतराव दारात उभे राहिले.

"आई, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत. वाडगाभर विरजण मागितलंत, दिलं. दोन वर्षांनी मेलं म्हणालात. म्हटलं, एवढे शिकलेले आहेत, मेलं म्हणतात तर मेलंच असेल."

"अहो, पण माझा निबंध न वाचताच तुम्ही त्याचा उल्लेख केलात."

"आणि तुम्ही माझा कधी वाचलात?"

गुणवंतरावांनी फ्रिजकडे बघितलं.

"मग फिटलं," विठाबाई म्हणाल्या. वात बोटांत फिरत राहिली. मग वातीशीच बोलत असल्यासारख्या त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या निबंधात माझा वाडगा आहे, असं अलका म्हणाली होती. मी विचारलं, नाव आहे का? म्हणाली, एक स्थानिक घर असं आहे."

गुणवंतराव वाती मोजत असल्यासारखे उभे राहिले.

"फडकं आहे अजून?" त्यांनी हळूच विचारलं.

ट्रंकेत लुगड्याखाली पत्र्याचा डबा होता. त्यात सात फडकी, घड्या घातलेली. सगळ्यात खालचं बार्शीचं होतं.

फेब्रुवारीत समिती पुन्हा बसली. डॉ. भसीन यांनी आपलाच सप्टेंबरचा निर्णय मोठ्याने वाचला. बाहेरील कोणाही संशोधकाने आजवर संदर्भ घेतलेला नाही, सबब. मग एस्टोनियाचा निबंध वाचला. त्यांनी लिहिलेलं वाक्य इतकं पक्कं होतं, की आता त्यांनाच त्यातून बाहेर पडायला फट सापडेना. बाकीचे चाळीस लेख बाहेरच राहिले. पण एक लेख नियमाप्रमाणे संशोधनपर ठरत होता, आणि त्याखाली एक उल्लेख होता. एकोणीस आणि एक.

"लेखिका आपकी रिश्तेदार हैं?" एका सदस्याने शेवटचा प्रयत्न केला.

"जी. सास हैं."

नियमांची पुस्तिका आणवली गेली. कुणाकुणाचे उल्लेख धरायचे नाहीत, त्याची यादी होती : पती, पत्नी, आई, वडील, मुले, भावंडे, विद्यार्थी. डॉ. भसीन यांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि पहिल्यांदाच किंचित हसल्या.

"सास नहीं है," त्या म्हणाल्या. "नियम बनाने वाले ने सोचा ही नहीं होगा कि सास दामाद का भला करेगी."

बढती मिळाली. संचालकांनी पुष्पगुच्छ दिला. या वेळीही त्यांनी फक्त आकडा पाहिला होता. मंडळाने सत्काराचा कार्यक्रम ठेवला. गुणवंतराव ठेवणीतला कोट घालून गेले, तर मधल्या खुर्चीवर विठाबाई होत्या आणि शाल त्यांच्यासाठी होती. गुणवंतरावांना दोन शब्द बोलायला सांगितले, सत्कारमूर्तींचे जावई म्हणून. द्वारकाताईंनी जाता जाता मोदकांची आठवण करून दिली.

महिनाभरात संस्थेचं परिपत्रक निघालं. यादीत एक शब्द वाढला होता : सासू. गुणवंतरावांनी घरी येऊन सांगितलं, की आता तुमच्या लेखातलं माझं नाव धरणार नाहीत. विठाबाईंना त्याचं काहीच वाटलं नाही.

"मग धाकट्या जावयाचं घेईन. सुधन्वाचं. तो गाझियाबादला टायरच्या कंपनीत आहे, काही लिहीत नाही. पण ओवीत बसतो."

गुणवंतरावांनी मात्र कुणाचं नाव घ्यावं, यावर परिपत्रकात बंदी नव्हती. बार्शीच्या फडक्यातून जिवाणू पाचव्या दिवशी उठला. त्यावरचा छोटा निबंध मे महिन्यात छापून आला. स्रोताच्या रकान्यात आता विठाबाईंचं संपूर्ण नाव होतं आणि संदर्भात पहिला क्रमांकही त्यांच्याच लेखाचा. परीक्षितने आपल्या निबंधात विठाबाईंचा लेख घेतला, एस्टोनियाच्या बाईंनी पुन्हा घेतला, मग कुठल्या कुठल्या देशांतली माणसं एकमेकांच्या याद्यांतून तो उचलू लागली. मोजणाऱ्या संकेतस्थळाने विठाबाईंच्या नावाचं एक पान आपणहून उघडलं. संस्थेचं नाव विचारलं, तेव्हा कादंबरीने 'लक्ष्मीबाई नगर' टाकलं. यंत्राने ते मान्य केलं.

आता गुणवंतराव सकाळी उठतात ते थेट बाल्कनीत जातात. फडकी सावलीत आहेत का, वारा कुठून येतो, हे बघतात. एक एक उलटून घालतात. मोबाईल आत कुठेतरी असतो.

आतून विठाबाईंचा आवाज येतो. अजून चूळ भरलेली नसते, देवाला हात जोडलेले नसतात.

"कादंबरी, ऊठ गं. बघ बरं, आज कुणी माझं नाव घेतलं का."

"आजी, काल रात्री तर पाहिलं. सतरा."

"अजून सतराच?" विठाबाई म्हणतात, आणि गुणवंतरावांनी चहा पुढे केला तरी तो बशीत तसाच निवत राहतो.